पावडरचा डबा

नवरा कामावर गेला तशी तिने सासूबाईंच्या बंद पडलेल्या शिलाई मशीनचा खण बाहेर ओढला. पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे त्यामागे दडवायचे आणि पुरेसे जमले की हे मारझोडीचं घर सोडायचं, असं ठरलं होतं. हात आत घातला, तर बोटांना पावडरचा गंजलेला डबा लागला. त्यात नाणी आणि नोटांची गुंडाळी. सगळं केव्हाच चलनातून बाद झालेलं. "माझे आहेत ते," दारातून सासूबाई म्हणाल्या. ती गर्रकन वळली. सुजलेला गाल झाकायचंही भान उरलं नाही. सासऱ्यांचा फोटो रोज पुसणारी ही बाई? "आई, तुम्हीसुद्धा?" "अजून थोडे जमू देत, अजून थोडे, म्हणता म्हणता नोटाच बाद झाल्या गं." पैसे धरलेली तिची मूठ सासूबाईंनी दाबली. "तुझे चालतायत तोवर नीघ. माझ्या लेकाला मी बघते."