दाराशी काढलेले बूट

तूवाने आईकडे राहायचं की बाबाकडे, हे गुरुवारी कोर्टात ठरणार होतं. त्याआधी बाबाचं घर तपासायला कोर्टाने पाठवलेली इंगेला बर्फ तुडवत आली. बेल वाजली, तशी पहाटेपासून तिथल्या फरशा पुसणारी आई तूवाची वेणी अर्धी टाकून कपाटात शिरली.

इंगेलाने दोन्ही खोल्या पाहिल्या, फ्रिज उघडून पाहिला आणि कॉफीला बसली.

“वेलचीचे पाव मस्त झालेत. कोणी भाजले?”

“मीच,” बाबा म्हणाला.

“आणि हिची वेणी?”

“तीही मीच.”

“अर्धीच?”

“हात दुखले.”

हसू दाबायला तूवाने अख्खा पाव तोंडात कोंबला.

निघताना इंगेला दाराशी बूट घालायला वाकली आणि थबकली.

“हे लाल बूट कोणाचे?”

“माझेच.”

“सदतीस नंबर?”

“थोडे घट्ट होतात.”

कपाटातून फिस्सकन आवाज आला. इंगेला तिकडे न बघता नाडी बांधत राहिली.

“सोमवारी हिच्या आईच्या घरी तपासणीला गेले होते. तिथे दाराशी चव्वेचाळीस नंबरचे होते. ती म्हणाली, थोडे सैल होतात.”