एकानंच बोलायचं

आखातातल्या अबू हलीफाच्या त्या दुकानांच्या गल्लीचा रिवाजच होता: साहेबापुढं एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. पालिकेनं सगळ्या दुकानांना अम्गऱ्याच्या भंगारवाड्यात हलवायचं ठरवलं. तिथं मुमताजच्या मसाल्यांना कोण विचारणार? मग पालिकेच्या साहेबापुढं बोलायला तिचा धाकटा दीर मजीद पुढं झाला; त्याचंही गल्लीत दुकान, आणि अरबीत तरबेज. बाकीच्यांची अरबी भावतावापुरती. त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळे माना डोलवत होते. मध्येच ‘अम्गरा’ ऐकू आलं, तशी मुमताजनं जोरातच मान डोलवली; वाटलं, दीर ठणकावून नाही म्हणतोय. साहेब शिक्का मारून हसत हिंदीत म्हणाला, “बहुत अच्छा. सब राजी, तो झगडा खतम. मजीदभाई यहीं रहेंगे, बाकी सब अम्गरा.” बाहेर मजीद गाडीची किल्ली फिरवत जवळ आला. “भाभी, घरातलं एक दुकान तरी वाचलं. ऊन फार आहे. चला, सोडतो.” मुमताजनं ओढणी सारखी केली. “कुठं? अम्गऱ्याला?”