दुसरीचं माप

कुत्र्याचं पिल्लू शिंकलं आणि मागे सरलं.

तिने चपलांचा जोड पुन्हा त्याच्या तोंडाशी सरकवला. "खा ना रे मेल्या. सकाळपासून झाडू खाल्लास, पायपुसणं खाल्लंस, स्टुलाचा पाय कुरतडलास. आणि हेच तेवढं नको?"

पिल्लाचे दुधाचे दात पडायला लागले होते. हिरड्या शिवशिवायच्या आणि दिसेल ते चावत सुटायचं बिचारं. म्हणूनच तर तिला ही युक्ती सुचली होती. नवरा चामडं आणायला बाहेर पडला, तशी ती स्टुलावर चढली आणि दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवरून तिने तो जोड खाली काढला. 'पिल्लाने खाल्ला, मी काय करू?' हे वाक्यसुद्धा पाठ करून ठेवलं होतं.

बदामी चामडं, अंगठ्याशी बारीक वेणी. तो जोड नवऱ्याने आपल्या हाताने पहिल्या बायकोसाठी केलेला. ती जाऊन वर्षं लोटली, पण चपला काही फळीवरून हलल्या नाहीत. गिऱ्हाइकाने किंमत विचारली, की तो म्हणायचा, "त्या विकायच्या नाहीत." एवढंच. पण ते म्हणताना त्याचा आवाज असा काही मऊ व्हायचा, की आत अस्तरं चिकटवत बसलेल्या हिचा जळफळाट व्हायचा. मेलेल्या माणसाचा मत्सर करू नये हे तिला कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता.

तिच्या स्वतःच्या पायात मात्र बाजारातल्या रबरी सपाता. चपला करणाऱ्याची बायको आणि सपाता! शेजारची शिंपीण येता-जाता चिडवायची. "करून देतो की," नवरा म्हणायचा, "हातातलं काम उरकू दे जरा." हातातलं काम लग्नापासून उरकलेलं नव्हतं.

पिल्लू पुन्हा शिंकलं. तिने चप्पल नाकाशी नेली. चामडं कडक होऊ नये म्हणून लावतात त्या तेलाचा उग्र वास. वरून बोट फिरवलं, तर बोट तेलकट झालं. म्हणजे हा अजून तेल लावतो. कधी लावतो? तिच्यासमोर तर कधीच नाही.

ती बोटाकडे बघत राहिली, तेवढ्यात पिल्लाने तिचीच एक सपात पळवली. शिलाई मशीनमागून ओढून काढेपर्यंत पट्टा तुटला होता आणि टाचेचा चुरा झाला होता.

त्याच वेळी नवरा दारात आला.

त्याला आधी जमिनीवरचा बदामी जोड दिसला. त्याने तो उचलला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि वर ठेवून दिला. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं.

मग त्याने तिच्या हातातली सपात घेतली. रबरात तांदळाच्या कणीएवढा पांढरा दात रुतला होता.

"बघ तरी! दात ठेवून गेला लबाड." त्याने पिल्लाला मांडीवर घेतलं आणि हिरडीवरून अंगठा फिरवला. "आता पक्के येतील. आणि तू गं? तू काय घालणार आता?"

"अनवाणी हिंडेन. लोकांना कळेल तरी."

तो हसला. "बस इथे. आजच घेतो करायला."

तिचा राग कुठल्या कुठे पळाला. तिने घाईघाईने पाऊल पुसलं आणि पाटावर ठेवलं. नवरा उठला, कोपऱ्यातल्या खोक्यात हात घालून त्याने एक फर्मा काढला, ज्यावर चप्पल बेततात ते लाकडी पाऊल, आणि फुंकर मारून धूळ उडवली.

"माप घ्यायलाच नको. हा तिचा फर्मा. तुझा पाय अगदी तेवढाच आहे. मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं."

तिने फर्म्याकडे बघितलं. मग आपल्या पायाकडे. टाच तीच, बोटांचा उतार तोच. तो खोटं बोलत नव्हता.

"नाही बसायचा," ती म्हणाली. "माझा पाय मोठा आहे."

"अगं, डोळ्यांना दिसतोय की..."

"मोठा आहे म्हटलं ना!"

मग त्याने फर्मा बाजूला ठेवला, जमिनीवर खाकी कागद पसरला आणि कानावरची पेन्सिल काढली.

"ठेव पाय."

ती कागदावर सगळा भार देऊन उभी राहिली. पेन्सिल टाचेवरून निघाली, कडेकडेने करंगळीपाशी आली, तशी तिने बोटं फाकवली.

"बोटं जवळ घे गं. चप्पल सैल होईल अशाने."

"होऊ दे," ती म्हणाली, आणि आणखी फाकवली.