तळव्याची कड

"ते तार छेडायचं प्लॅस्टिकचं पिक खिशात ठेव. बास गिटार बोटांनीच वाजवायची," असं ऑर्केस्ट्राच्या डाबरेसरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. हेलनने ते सहा वर्षं पाळलं. सरांच्या स्वतःच्या हातात मात्र तिने गिटार कधी पाहिली नव्हती.

मग कारखान्यातल्या प्रेसखाली तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. नेमकी तार छेडणारी.

चार महिन्यांनी ती तालमीला आली, तेव्हा ड्रमरने गिटारऐवजी वाजवायला तिच्यापुढे खुळखुळा धरला. तिने तो खुर्चीवर ठेवला, गिटार गळ्यात अडकवली आणि अंगठा-अनामिकेच्या चिमटीत पिक धरून गाणं सुरू केलं. प्रत्येक सूर पत्र्यावर खडा पडावा तसा वाजत होता. दुसऱ्या कडव्यात पिक निसटलं. तिने ते उचललं आणि पुन्हा सुरुवात केली.

सर उठून जवळ आले. तिने पिक घट्ट आवळलं. त्यांनी तिच्या उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवली. "आता मार."

सूर जाड, भरीव आला, जवळजवळ पूर्वीसारखा.

"तुम्हाला हे कसं माहीत, सर?"

"मला बोटांनी वाजवणं कधी जमलंच नाही," सर म्हणाले. "चल, पहिल्यापासून."