आठवा मजला

बुकित बातोक वसाहतीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट फक्त पाचव्या आणि नवव्या मजल्यावर थांबायची. आठव्यावरचे आम्ही सगळे नवव्याला बाहेर पडून एक जिना खाली यायचो. शेजारचे रेन्झो अंकल मात्र पाचव्यालाच बाहेर पडून तीन मजले चढायचे. तरुणपणी ते इटलीकडून स्कीइंगच्या शर्यतींत भाग घ्यायचे. त्यात गुडघ्यांची पार वाट लागलेली. बिचाऱ्यांना जिना उतरणं झेपत नसेल, असं मी धरून चालले होते.

दोन हजार सातमध्ये लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबू लागली. पहिल्याच दिवशी मी मोठ्या ऐटीत आठचं बटण दाबलं. अंकलनी हात पुढे करून पाचचं दाबलं.

“अहो अंकल, आता कशाला? गुडघ्यांचा तरी विचार करा!”

“चढतानाही दुखतातच ते.”

“मग?”

“सविता, डोंगर मी दीड मिनिटात उतरायचो. वर न्यायला दर वेळी रोपवेचा पाळणा असायचा. डोंगर केवढा उंच असतो, ते मला कधी कळलंच नाही.”

पाचव्याला दार उघडलं. बाहेर पडून जिन्याच्या कठड्याला हात लावत त्यांनी वर पाहिलं.

“आता थोडं थोडं कळतंय.”