मत नसलेला देश

“त्याला सांग, आधी खतावरची बंदी उठव. मग गव्हाचं बघू,” गहूवाली म्हणाली.

निरोप नेणारी मुलगी उठून सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला गेली. “ती म्हणते, तुमच्या खताशिवाय तिचं पान हलत नाही,” तिनं खतवाल्याला सांगितलं. खतवाला खूश झाला.

शाळाशाळांमधली स्पर्धा होती. नुकतीच बारावी झालेल्या मुलांनी दोन दिवस देशांचे प्रतिनिधी व्हायचं आणि व्यापाराचा तंटा करारानं मिटवायचा. एका देशानं खत अडवलं होतं, म्हणून दुसऱ्यानं गहू अडवला होता. चिठ्ठीत तिच्या वाट्याला आला एक चिमुकला देश. विकतच्या गव्हावर जगणारा, मत नसलेला, नुसता निरीक्षक. “तुझ्याकडे काय, नावाची पाटी तेवढी!” मैत्रिणी हसल्या होत्या.

पण मत नाही म्हणून तिची भीतीही कुणाला नव्हती. दोघं तिच्यापाशी मन मोकळं करायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला घोडं कुठे अडलंय ते नेमकं कळलं होतं. गहूवालीला खत पेरणीपुरतंच हवं होतं. खतवाला तेवढं द्यायला तयारही होता. फक्त आधी कोण नमणार, एवढाच प्रश्न होता.

शेवटचा तास उरला. खतवाल्यानं पुन्हा हाक मारली, “तिला सांग...”

या वेळी ती गेली नाही. तिनं दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या, गहूवालीला हाताला धरून आणलं. “आता तुम्हीच बोला. मी पाणी पिऊन येते.”

पाणी प्यायलीच नाही ती. काचेच्या दाराबाहेर ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. आत आधी जुंपली. मग खतवाल्यानं कागद पुढे ओढला.

वेळ संपायला सात मिनिटं असताना सह्या झाल्या. ढाल गहूवालीला मिळाली.

परीक्षक आयुष्यभर व्यापार खात्यात वाटाघाटी केलेले गृहस्थ होते. त्यांनी तिला जिन्यात गाठलं.

“निरोप देताना तू शब्द बदलत होतीस. मी ऐकलंय.”

तिचा चेहरा पडला. “चुकलं का सर?”

“अगं, शिकलीस कुठे हे?”

“घरी. आई-बाबा सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. यांचं त्यांना, त्यांचं यांना मीच सांगते.”

परीक्षक म्हणाले, “मग ऐनवेळी बाजूला का झालीस? सगळं मुसळ केरात गेलं असतं की.”

“पुढच्या महिन्यात मी शिकायला बाहेरगावी जातेय, सर,” ती म्हणाली. “मध्ये कुणी नसलं की माणसं बोलतात का, ते बघायचं होतं.”