वारुळाजवळची अळंबी

"खाल्ल्यावर लगेच कळतं का?" नूतननं विचारलं.

नवसी थांबली. बारवीच्या रानात धुकं इतकं उतरलं होतं, की मागची पायवाटही दिसेना. कुजलेल्या खोडावर केशरी अळंबीचे थर चढले होते, ओल्या कानांसारखे. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

"लगेच नाय कळत."

"चव कडू असते?"

"नाय. ग्वाड लागते म्हनं."

"आणि शिजवल्यावर विष जातं?"

"नाय जात."

नूतन अंबरनाथची. पाड्याशेजारी तिच्या सासरच्यांनी घर बांधलं होतं. सुट्टीला सगळे तिथे येत. नवसीचा नवरा बुधाजी त्या घराची राखण करी. नूतनच्या नवऱ्याचं, भूपेशचं ओरडणं पार पाड्यापर्यंत ऐकू येई. आज तिच्या दंडावर निळा वळ होता. सकाळी ती एकटीच येऊन म्हणाली होती, "मावशी, मला विषारी अळंबी दाखवा."

"कशाला?"

"दाखवा तर. नाहीतर मी एकटी जाऊन शोधते."

पुढे वारूळ लागलं. त्याच्या उतारावर करड्या, टोकदार छत्र्या उगवल्या होत्या. नवसीच्या घरी दर श्रावणात हीच अळंबी शिजे. जरा पलीकडे, सागाच्या कुजक्या पानांत दुसरी होती. दुधासारखी पांढरी, बुडाशी वाटी असलेली. ती खाऊन पाड्यातली दोन माणसं गेली होती.

नवसीनं त्या वळाकडे पुन्हा पाहिलं. नवऱ्याला मारायला निघालेली बाई खायची अळंबी कशाला नेईल?

"ही विषारी," तिनं वारुळाकडे बोट केलं. "एवढीशी पुरते."

"आणि ती पांढरी?"

"ती खायची."

नूतन कितीतरी वेळ दोन्हींकडे बघत राहिली. नवसी पुढे निघाली. मागे पिशवी सळसळली. ने बाई, नवसी मनात म्हणाली. घाल त्याला पोटभर. कोण मरत नाय.

दुपारी बुधाजी जेवायला आला नाही, म्हणून ती त्याला बघायला गेली. पडवीत ताटं रिकामी पडली होती. भूपेश, त्याचे आईवडील, बुधाजी, सगळे हात धुऊन निवांत बसले होते.

नूतन हसत बाहेर आली. आज पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"मावशी, बरं झालं दाखवलंत. गेल्या वर्षी माझी बहीण अळंबी खाऊनच गेली. यांना अळंबीचं वेड, आणि मी घरात येऊ द्यायची नाही. त्याच्यावरूनच रोजची भांडणं. आज निर्धास्त शिजवली. वारुळाजवळचीला शिवलेसुद्धा नाही."

नवसीनं बुधाजीकडे पाहिलं.

"बुधाजीकाका आधी नकोच म्हणत होते," नूतन म्हणाली. "पण मावशीनंच निवडून दिलीय म्हटलं, तर दोनदा मागून घेतली."